अंगावरचा हलका सांगाडा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे विषय छापला आहे, 'अंगावर घालायची यंत्रे'. तो वाचून बऱ्याच जणांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "काका, तुम्ही आयुष्यभर बँकेत काढलं, हे यंत्रांचं काय मध्येच?" प्रश्न रास्त आहे. माझा नातू पुण्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा हा विषय. सुट्टीत तो इथे आला की टेबलावर त्याचे कागद पसरलेले असत आणि मी ते वाचत असे. वाचता वाचता लक्षात आलं, की हा विषय इंजिनिअरचा असला तरी त्यातला हिशेब जमा-खर्चाचाच आहे. आणि जमा-खर्च आपल्याला कळतो.

इंग्रजीत या यंत्राला 'एक्झोस्केलेटन' म्हणतात. म्हणजे बाहेरचा सांगाडा. आपल्या मेढ्याच्या माणसाला हे समजावायला फार शब्द लागत नाहीत. पहिला पाऊस पडला की ओढ्याला खेकडे निघतात. आपली हाडं आत आणि मांस बाहेर, खेकड्याचं उलटं. त्याचं कवच हाच त्याचा सांगाडा. आता कल्पना करा, माणसाच्या आतल्या सांगाड्याला मदत म्हणून बाहेरून दुसरा सांगाडा बांधला. कमरेला पट्टा, मांडीला पट्टा, पायाच्या बाजूने दांडे, गुडघ्याजवळ बिजागरी. कुठे स्प्रिंग, कुठे बॅटरीवर चालणारी मोटर. चालायला, वाकायला, ओझं उचलायला त्याची मदत व्हावी ही अपेक्षा.

हा विषय आपल्या जावळी तालुक्यात का बोलायचा? कारण ओझं हा आपला जुना धंदा आहे. इथल्या कित्येक घरांतला एक तरी माणूस मुंबईला माथाडी म्हणून गेला. माथाडी म्हणजे माथ्यावर वाहणारा. शेजारच्या पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी या लोकांची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यातून बोर्ड आले, मजुरीचा हिशेब आला, फंड आला. नोकरीतली काही वर्षं मी वाशीच्या मार्केटजवळच्या शाखेत होतो. आपल्या भागातली मंडळी खात्यावर पैसे टाकायला यायची. पन्नाशीच्या आतला माणूस, पण मान वळवायची झाली की खांद्यासकट सगळा वळायचा. फंडाची नोंद पासबुकात होते, पण झिजलेल्या मणक्याची कुठेच होत नाही.

एके काळी शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन लोक फळीवरून ट्रकमध्ये चढत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त उचलू नये. आता गोणी ५० किलोची झाली आहे. कागदावर निम्मं झालं हे खरं, पण थप्पी लावताना दिवसभरात ती किती वेळा उचलायची याला मोजमाप नाही. म्हणून पाठीला मदत करणाऱ्या यंत्राची बातमी आली की आपण कान टवकारायला हवेत. आणि बँकवाल्याच्या सवयीने पहिला प्रश्न विचारायला हवा, की निव्वळ शिल्लक किती?

या यंत्राचा इतिहासही वजनाचाच इतिहास आहे. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या निकोलस याग्न यांनी १८९० साली अमेरिकेत एक पेटंट घेतलं. पायाच्या बाजूने धनुष्यासारख्या लांब पट्टीच्या स्प्रिंगा, आणि त्यांच्या जोरावर चालणं, धावणं, उड्या मारणं. कल्पना छान होती, वापरात मात्र आली नाही. पुढे १९६५ च्या सुमारास अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 'हार्डिमन' नावाचं यंत्र बनवायला घेतलं. माणसाने ते अंगावर चढवून ६८० किलो उचलायचे, असा बेत होता. आणि यंत्राचं स्वतःचं वजन किती? तेही ६८० किलो! शेवटी त्याचा एकच हात कामाचा झाला आणि त्याने ३४० किलोपर्यंत उचललं. सगळं यंत्र एकदम चालवायला गेलं की ते बेफाम झटके देई, त्यामुळे आत माणूस उभा करण्याची हिंमत झाली नाही. मुद्दल जेवढं, तेवढाच खर्च. असा धंदा कोणतीही बँक मंजूर करणार नाही.

आता खरा मुद्दा. यंत्राचं वजन किती, याहून ते शरीरावर कुठे आहे हे महत्त्वाचं. १९६९ सालीच, म्हणजे आपला माथाडी कायदा झाला त्याच वर्षी, अमेरिकी सैन्याच्या दोन संशोधकांनी याचा हिशेब मांडला. त्यांनी माणसांना डोक्यावर, हातात आणि पायांत वजनं देऊन चालवलं आणि किती शक्ती खर्च होते ते मोजलं. डोक्यावरच्या एका किलोला, शरीराच्या स्वतःच्या एका किलोच्या जेमतेम १.२ पट खर्च आला. पायात बांधलेल्या किलोला चालीच्या वेगाप्रमाणे चार ते सहा पट. कारण सोपं आहे. डोकं आणि कंबर एका चालीने पुढे सरकतात. पाऊल मात्र प्रत्येक पावलाला थांबतं, उचललं जातं, झोकात पुढे जातं आणि पुन्हा थांबतं. पायातलं वजन म्हणजे दर पावलाला व्याज.

आपल्या आज्या हे प्रयोगशाळेशिवाय जाणून होत्या. चुंबळ डोक्यावर ठेवून त्यावर हंडा, आणि मान सरळ. नेपाळचे हमाल कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर डोको वाहतात. २००५ साली त्यांच्यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पुरुष हमाल सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं चढावर नेताना आढळले. कावडीचंही पाहा. लवचीक दांडीवर ओझं वाहण्याचा प्रयोग १९९१ साली अमेरिकेत झाला. शक्ती काही वाचली नाही, पण दर पावलाला खांद्यावर बसणारा दणका कमी झाला. म्हणजे दांडी लवते ती खांद्यासाठी. अंगावरचं यंत्र बनवणारा इंजिनिअर आज याच गोष्टी स्टील आणि कार्बन फायबरमध्ये शोधतो आहे.

या विषयात मला सर्वांत आवडलेली वस्तू अगदी लहान आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी घोट्यावर बसवायचं एक साधन केलं. ना मोटर, ना बॅटरी. प्रत्येक पायाला साधारण अर्धा किलो. पोटरीभोवती कार्बन फायबरचं हलकं कवच, टाचेजवळ बिजागरी, आणि टाचेपासून पोटरीपर्यंत मागच्या बाजूने एक स्प्रिंग. आपल्या टाचेच्या वर जी जाड शीर हाताला लागते, तिच्या समांतर.

ते काम कसं करतं? पाऊल जमिनीवर टेकलेलं असताना अंग पुढे झुकतं, तेव्हा पोटरीचा स्नायू ती शीर ताणून धरतो. स्नायूचं एक दुखणं आहे. नुसतं धरून ठेवायलाही त्याला इंधन लागतं. भरलेली पिशवी हातात धरून बसस्टँडवर उभं राहिलं की हात भरून येतो, पिशवी हललेली नसली तरी. खुंटीला तीच पिशवी टांगली तर खुंटी दमत नाही. या साधनातली स्प्रिंग म्हणजे ती खुंटी. टाच टेकली की छोटी खिट्टी स्प्रिंगला पकडते, अंग पुढे जाताना स्प्रिंग ताणली जाते, पाऊल उचलताना ती शक्ती परत देते, आणि पाय हवेत असताना खिट्टी सुटते म्हणून घोटा मोकळा राहतो. नऊ जणांवर चाचणी झाली. चालण्याचा खर्च सरासरी ७.२ टक्के कमी झाला. पाठीवरची साधारण साडेचार किलोची पिशवी उतरवल्यासारखा हा फायदा आहे.

आणि गंमत म्हणजे, स्प्रिंग जास्त कडक केली तर फायदा वाढला नाही, उलट नाहीसा झाला. शरीराची स्वतःची एक चाल आहे. तिच्याशी जुळवून घेणारी मदत उपयोगी पडते. जबरदस्तीची मदत म्हणजे नवं ओझं. घरातल्या म्हाताऱ्यांना मदत करणाऱ्या सुना-मुलांनाही हे लागू आहे, पण तो विषय आज नको.

मोटर लावायचीच असेल तर कुठे लावायची? २०१९ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या गटाने कापडी चड्डीसारखं साधन दाखवलं. एकूण वजन ५ किलो, पण त्यातलं जवळजवळ सगळं कमरेला. मोटर आणि बॅटरी कमरपट्ट्यावर, तिथून तार मांडीवरच्या पट्ट्यापर्यंत जाते आणि ओढते. सायकलच्या ब्रेकसारखं. ब्रेक चाकाशी, पण दाबायची मूठ हँडलवर. चालण्याचा खर्च ९.३ टक्क्यांनी आणि धावण्याचा ४ टक्क्यांनी कमी झाला. तेच पाच किलो पावलाला बांधले असते तर खातं तोट्यात गेलं असतं.

आता माथाडीच्या पाठीकडे येऊ. इथे थोडा हिशेब करू, कारण आकड्यांशिवाय माझं भाषण पूर्ण होत नाही. वाकून १५ किलोची भरलेली बादली उचलताना ती कण्यापासून समजा ४० सेंटिमीटर लांब आहे. पाठीचे स्नायू कण्यापासून फक्त ५ सेंटिमीटरवर आहेत. अंतर आठपट, म्हणून स्नायूंना ओढ लावावी लागते १२० किलोची. त्यात आपलं स्वतःचं वरचं अंग, समजा ३५ किलो, तेही पुढे झुकलेलं, सरासरी २५ सेंटिमीटरवर. त्याचे आणखी १७५ किलो. बादली १५ किलोची, पण पाठीच्या खात्यावर नावे पडले जवळजवळ ३०० किलो.

पाठीसाठीचं साधं साधन असं असतं. छातीवर एक गादी, मांड्यांवर दोन गाद्या, आणि त्यांना जोडणारे स्प्रिंगचे दांडे कमरेच्या बाजूने. माणूस वाकला की स्प्रिंग ताणली जाते आणि छातीला मागे रेटते. वजन दोन-तीन किलो. समजा तिने छातीला फक्त ८ किलोचा रेटा दिला. छातीची गादी कमरेच्या खालच्या मणक्यापासून ३५ सेंटिमीटर लांब. म्हणजे स्नायूंचे ५६ किलो वाचले! स्प्रिंग काही स्नायूंपेक्षा जोरदार नाही, तिला जागा चांगली मिळाली आहे. दार बिजागरीजवळ ढकललं तर हलत नाही, कडेला ढकललं तर एका बोटाने उघडतं, तसं. अशा बिनमोटरच्या साधनांच्या अभ्यासांत पाठीच्या स्नायूंचं काम १० ते ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं आहे. परदेशात हे कारखान्यांतही पोचलं. हात वर करून काम करणाऱ्यांसाठी खांद्याला आधार देणारी ७५ जाकिटं फोर्ड कंपनीने २०१८ साली आपल्या १५ कारखान्यांत दिली.

पण कारखाना वेगळा आणि आपली थप्पी वेगळी. एका जागी उभं राहून वाकायचं असेल तर ही स्प्रिंग गुणाची. फळीवर चढायचं, अरुंद बोळातून जायचं, दुपारी बसून भाकरी खायची, तर मांडीवरची गादी आडवी येते. उन्हात पट्ट्याखाली घाम साचतो, कातडी सोलवटते. शिवाय एक मोठा धोका यंत्रात नाही, माणसात आहे. साधनामुळे पाठीचे ५६ किलो वाचले, तर ते कोणाच्या खात्यावर जमा व्हायचे? कामगाराच्या की मालकाच्या? 'आता तुला पट्टा दिलाय ना, मग दोन गोण्या जास्त उचल,' असं झालं तर पाठीची झीज तेवढीच राहील आणि वर पट्ट्याचा जाच. शंभराची गोणी पन्नासची करणं हीच आजवरची सर्वांत मोठी सुधारणा आहे. ती अंगावर बांधावी लागत नाही आणि बिघडतही नाही.

दुसरा प्रश्न आहे ज्यांना चालताच येत नाही त्यांचा. कमरेखालून लुळ्या पडलेल्या माणसाला उभं करून चालवणारं इस्रायलचं 'रीवॉक' हे मोटरचं यंत्र २०१४ साली अमेरिकेत घरी वापरायला मंजूर झालं. ज्याला कधी उभं राहता येणार नाही असं सांगितलं होतं, तो समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलतो, याची किंमत पैशात होत नाही. पण पैशातलीही किंमत ऐका. तेव्हा ती सत्तर हजार डॉलरच्या घरात होती. यंत्राचं वजन वीस किलोच्या वर. आणि हातात कुबड्या लागतातच, कारण तोल यंत्राला सांभाळता येत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला आपल्या ओळखीची वस्तू आहे. पोलिओच्या पायाला लावायचा कॅलिपर. तोही अंगावर घालायचा सांगाडाच, फक्त त्याला कोणी मोठ्या नावाने हाक मारली नाही. आपला देश २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्त जाहीर झाला. पण लहानपणी पोलिओ झालेली माणसं आज पन्नाशी-साठीची आहेत, आणि त्यांनी आयुष्यभर लोखंडी दांडे आणि जड बूट ओढले आहेत. मघाचा हिशेब आठवा, पायातलं वजन दर पावलाला व्याज. लोखंडाचा घन सेंटिमीटर जवळजवळ ८ ग्रॅमचा, ॲल्युमिनियमचा २.७, कार्बन फायबरचा दीडच्या आसपास. प्लास्टिकचा साचा पायाच्या मापाने घडवला तर कॅलिपर पुष्कळ हलका होतो. पण नुसतं हलकं पुरत नाही. गुडघा ही दाराची बिजागरी नव्हे. तो वळताना थोडा घरंगळतो, थोडा सरकतो. कॅलिपरची बिजागरी बोटभर वर-खाली बसली, तर दर पावलाला पट्टा मांडीवर घासतो. म्हणून माप घेणारा कारागीर हा या यंत्राचा निम्मा भाग आहे.

आपल्या देशाने हे एकदा जगाला दाखवलं आहे. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट तयार केला. परदेशी कृत्रिम पावलाला बूट लागायचा आणि त्यावर उकिडवं बसता येत नसे. आपला माणूस अनवाणी शेतात उतरतो, देवळात जातो, मांडी घालून जेवतो. रबराचं, घोट्यात वळणारं, चिखलात चालणारं पाऊल त्यांनी केलं. पुढे पायाचा वरचा भाग प्लास्टिकच्या पाइपातून बनू लागला. यंत्र आधी आपल्या जगण्यात बसलं पाहिजे, मग अंगात.

कोणाच्या घरी अशी गरज असेल तर सांगून ठेवतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पुण्यात वानवडीला सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. १९७२ साली स्थापन झालेली कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी अशी साधनं बनवते आणि शिबिरांतून ती वाटली जातात. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारा. वजन किती आणि ते शरीरावर कुठे? माप कोण घेणार आणि दुसऱ्यांदा बदलून देणार का? ते घालून खाली बसता येतं का, संडासला जाता येतं का? आपलं आपल्याला चढवता-उतरवता येतं का? आणि स्प्रिंग तुटली तर साताऱ्यात दुरुस्त होईल, की परदेशी पाठवायची? या पाचांची उत्तरं मिळेपर्यंत चेकवर सही करू नका.

शेवटी आपल्या घरी येतो. ही इमारत बांधली तेव्हा आपण बहुतेक जण पंचेचाळीस-पन्नाशीचे होतो. लिफ्ट नको, तीनच तर मजले, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. आज तिसऱ्या मजल्यावरची काही मंडळी गणपतीलासुद्धा खाली येत नाहीत. आजच्या कार्यक्रमालाही चार खुर्च्या त्यामुळेच रिकाम्या आहेत. बर्लिनच्या डॉक्टरांनी पाच जणांच्या कृत्रिम गुडघ्यांत मापकयंत्र बसवून २०१० साली आकडे प्रसिद्ध केले. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटीहून जास्त भार येतो, जिना चढताना तिपटीहून जास्त, आणि उतरताना जवळजवळ साडेतीन पट. ६० किलोच्या बाईच्या एका गुडघ्यावर उतरताना २०० किलो! चढण्यापेक्षा उतरणं जड जातं हे आपलं म्हणणं नुसतं रडगाणं नव्हतं, एवढं यावरून सिद्ध झालं.

या गुडघ्यांसाठी उद्या हलकी, स्वस्त, मांडी घालता येणारी स्प्रिंग निघेल. नातवाच्या पिढीकडून मला ती आशा आहे. तोवर आपल्या हातातलं एक काम आहे. आपल्या जिन्याला रेलिंग एकाच बाजूला आहे. भिंतीच्या बाजूलाही, तळापासून गच्चीपर्यंत, न तुटता जाणारं दुसरं रेलिंग बसवू. ज्याचा डावा गुडघा दुखतो आणि ज्याचा उजवा, दोघांनाही चढता-उतरता हात टेकायला मिळेल. हेही आधाराचंच साधन आहे, आणि त्याचं आपल्या अंगावर येणारं वजन शून्य, कारण ते भिंत वाहते. रौप्यमहोत्सवाच्या निधीतून जी शिल्लक उरेल ती यासाठी ठेवावी, आणि लिफ्टसाठी वेगळं खातं आजपासूनच उघडावं, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. तरुण सभासदांपैकी कोणी झालं तर मला जास्त आनंद होईल.



जय हिंद, जय महाराष्ट्र!